बाजरीवरची कॅसेट

गेल्या महिन्यात तुम्ही दोघा भावंडांनी मला फोनवर तुमचं नवं यंत्र दाखवलंत. लाकडी पेटी, वर काचेसारखं झाकण, आत गरगर फिरणारी काळी तबकडी. मागच्या भिंतीवर आणखी चार तबकड्या देवांच्या तसबिरींसारख्या टांगलेल्या. नात म्हणाली, "आजी, ऐक ना, या आवाजात ऊब आहे." आवाजाला ऊब असते हे मला सत्त्याहत्तर वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी ऐकली ती खरखर होती. ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे आणि तिच्यापासून सुटका झाली तेव्हा आम्ही सगळे खूश झालो होतो.

मग तुम्ही मूळ मुद्द्यावर आलात. तुमच्या बाबाला मार्गशीर्षात पन्नास वर्षं पूर्ण होतात. तिकडे म्हणे एक कारागीर आहे, तो आपण दिलेल्या आवाजाची एकच एक तबकडी कोरून देतो. तुम्हाला त्या तबकडीवर पणजोबांचं मोटेवरचं गाणं हवं आहे. बाबा लहानपणी त्यांच्या पुढ्यात मोटेच्या दोरावर बसायचा हे तुम्ही त्याच्याच तोंडून ऐकलेलं. आपल्या आजोबांचा आवाज नीट आठवत नाही असं तो एकदा म्हणाला होता आणि ते तुम्ही लक्षात ठेवलंत. नातू म्हणाला, "तुझ्याकडे असणारच. तुझं सगळं जागच्या जागी असतं." मी ताठ मानेने म्हणाले, "पाठवते."

त्या 'पाठवते'चं पुढे काय झालं ते मी लिहिते आहे. पण आधी या यंत्रांविषयी मला थोडं बोलू द्या. तुम्ही त्यांना फारच डोक्यावर घेतलं आहे.

माझं माहेर मंचरचं. आमच्या घरासमोर एका जैन व्यापाऱ्याचं कापडाचं दुकान होतं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठजी आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलत. त्यांच्याकडे चावीचा फोनो होता, कर्णा पितळेचा. आठवडी बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक पायरीवर टेकावं म्हणून तो वाजे. आम्ही पोरी गिऱ्हाईक नसतानाही टेकायचो. एक बाजू तीन मिनिटांची. हंड्यात तोंड घालून कोणी गावं तसा आवाज. तीन मिनिटं झाली की शेठजी उठत, सुई बदलत आणि म्हणत, "पोरींनो, सुई फुकट येत नाही. आता तुमच्या आयांना पाठवा, लुगडी दाखवतो." गाणं रंगात येईतो संपलेलं असे. मध्येच चावी उतरली तर गाणारी बाई हळूहळू बुवा व्हायची. याला तुम्ही संगीताचा सुवर्णकाळ म्हणता. पुढे फोनोच बंद पडला, तेव्हा शेठाणींनी तबकड्यांतल्या दोन कढत पाण्यात मऊ करून त्यांच्या वाट्या वळल्या. एकीत बटणं, दुसरीत टाचण्या. तबकडीचा खरा उपयोग मी पाहिला तो हा.

पुढे पुण्याला कॉलेजात गेले. तिथे वसतिगृहाच्या रेक्टरबाईंकडे रेडिओग्राम होता. कपाटाएवढा, आणि कपाटासारखाच कुलूपबंद. मोठ्या तबकड्या, बावीस-पंचवीस मिनिटांची एक बाजू. ऐकताना खोलीत चालायचं नाही, कारण फरशी हलली की सुई उडते. खोकायचंही नाही. आम्ही दहा मुली श्वास धरून बसायचो आणि रेक्टरबाई आमच्याकडे बघत बसायच्या. त्यातलं एकही गाणं मला आठवत नाही. त्यांची नजर आठवते.

मग लग्न होऊन मी जुन्नर तालुक्यात आले. तुमचे आजोबा नारायणगावच्या शाळेत विज्ञान शिकवत, मी इंग्रजी. शेती पिंपळवंडीला, ती थोरले दीर आणि जाऊबाई बघत. जाऊबाईंना मी अक्का म्हणते, त्या मला मास्तरीणबाई म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला पन्नास वर्षांत कळलेलं नाही.

आजोबांनी टेपरेकॉर्डर आणला आणि आमच्या घरात कॅसेटचं राज्य सुरू झालं. त्या डबीइतकी दुष्ट वस्तू मी पाहिली नाही. ऐन रंगात यंत्र फीत गिळायचं. मग ती शेवयांसारखी बाहेर ओढायची, पेन्सिल घालून गुंडाळायची आणि चुरगळलेल्या जागी गाणारा पाण्याखालून गायचा. पावसाळ्यात बुरशी यायची. उन्हाळ्यात कोणीतरी ती खिडकीत ठेवायचं आणि तिचा पापड व्हायचा. शिवाय कोणीही काहीही पुसून त्यावर काहीही भरू शकत असे. आमच्या शेजाऱ्यांनी स्वतःच्या मुलीच्या मंगलाष्टकांवर क्रिकेटची कॉमेंट्री भरली होती. नवरदेवाच्या गळ्यात हार पडतो आणि तेवढ्यात कोणीतरी बाद होतो.

माझ्या घरी असलं चालणार नव्हतं. प्रत्येक कॅसेटला मी नंबर दिला, वर कागद चिकटवला आणि त्यावर सुंदर अक्षरात नाव लिहिलं. इंग्रजीत. शाळेतल्या कपाटांवर मी इंग्रजीत लिहीत असे, घरीही तेच केलं. वाजवून झाली की कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे फिरवूनच डबीत ठेवायची, हा नियम. आजोबा म्हणायचे, "हिच्या घरी गाणीसुद्धा रांगेत उभी असतात."

त्यातली सतरा नंबरची कॅसेट तुमच्या पणजोबांची.

माझे सासरे उभा जन्म मोट हाकत आले होते. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी. तिचा दोर, म्हणजे नाडा, बैलांना बांधलेला. विहिरीपासून खाली उतरत जाणारी वाट, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर येते, पाणी थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या हौदीत, पडतं, मग बैल उलट्या पावली वर येतात. ते दिवसभर. सासरे खाली जाताना नाड्यावर बसून गात. धाव जेवढी लांब तेवढी ओळ लांब. धाव संपली की ओळ संपली. शेजारच्या शेतातली माणसं त्यांच्या ओळी मोजून न्याहारीची वेळ ओळखत.

विजेचा पंप आला आणि मोट थांबली. गाणंही थांबलं. तेव्हा आजोबांना ते कॅसेटवर घ्यायची कल्पना सुचली. त्यांनी वडिलांना ओसरीवर खुर्चीत बसवलं, टेप पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "आप्पा, म्हणा." सासऱ्यांनी टेपकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हितं? कशाच्या मागं म्हणू?"

तीन रविवार आम्ही विनवण्या केल्या. चौथ्या रविवारी ते म्हणाले, "आदी बैल जुंपा." माळ्यावरून मोट काढली. तिचं चामडं तडकून गेलेलं, पाणी ठरणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, पाणी कोणाला पाहिजे? विहिरीवरचं चाक बसवलं, बैल जुंपले आणि आजोबा टेप छातीशी धरून धावेवरून बैलांच्या बाजूने उलटे चालायला लागले. सुरुवातीला मी माइकपाशी जाऊन निवेदन केलं. दिनांक, स्थळ, गायकाचं नाव, वय, ध्वनिमुद्रण कोणी केलं. आजोबा हसत म्हणाले, "बातम्या देतेस का?" मी म्हटलं, शंभर वर्षांनी ऐकणाऱ्याला कळायला नको?

अर्धा तास सासरे गायले. तुमचा बाबा तेव्हा पाच वर्षांचा, त्यांच्या पुढ्यात नाड्यावर. मला गाण्यातलं काही कळत नाही हे मी कबूल करते, पण त्या दिवशी विहिरीवर आलेली माणसं उठून गेली नाहीत एवढं मी पाहिलं. पुढच्या वर्षी सासरे गेले.

आता सीडी. कॅसेट संपली, सीडी आली. चकचकीत, बोटाचे ठसे टिपणारी आणि गर्विष्ठ. नारायणगावातल्या दुकानदाराने मला सांगितलं, "बाई, शंभर वर्षं काही होत नाही हिला." मी शिकलेली बाई, माझा विश्वास बसला. आमच्या सगळ्या कॅसेटी त्याच्याकडे दिल्या, त्याने त्यांच्या सीड्या करून दिल्या. मी प्रत्येक सीडीवर गोल कागद चिकटवला, नंबर घातला, नाव लिहिलं. मग कॅसेटींचं काय करायचं? दोन गोण्या होत्या. ठेवल्या असत्या तर धूळ झाली असती.

अक्का म्हणाल्या, "मला दे. बाजरीला व्हतील."

तुम्हाला हे माहीत नसेल. बाजरी दाण्यावर आली की पाखरं येतात. पूर्वी शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की कॅसेटची फीत शेतावरून या खुंटापासून त्या खुंटापर्यंत ताणली तर ती उन्हात चमकते, वाऱ्यात भर्रर्र वाजते आणि पाखरं खाली उतरत नाहीत. आपल्याकडे घरोघरी हे केलं. प्रेमगीतं, भारूडं, इंग्रजी बोलायला शिका, सगळं बाजरीवर. मी आनंदाने दोन्ही गोण्या दिल्या. कपाट रिकामं झालं म्हणून ते पुसूनही घेतलं.

तुमचा फोन ठेवला आणि मी सतरा नंबरची सीडी काढली. मी चिकटवलेला कागद उन्हाळ्या-पावसाळ्यांनी कडेने उचलला गेला होता. म्हटलं, आधी हा नीट काढावा. ओढला, तर कागदाबरोबर सीडीचा चंदेरी मुलामा सालीसारखा निघून आला. खाली नुसती काच. आरपार माझी बोटं दिसत होती.

बाकीच्या सीड्या पाहिल्या. ज्यांना कागद होता त्या सगळ्या तशाच. शेजारच्या मुलाने त्याच्या आंघोळीच्या खोलीत फेकलेली एक बिनकागदाची सीडी मात्र ठणठणीत वाजते असं त्याची आई म्हणाली. 

दुकानदाराकडे गेले. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. जुना संगणक भंगारात गेलेला. "बाई, पेन ड्राइव्हमध्ये ठेवायचं होतं," असं त्याने मला ऐकवलं. पेन ड्राइव्ह म्हणजे करंगळीएवढी वस्तू, आत काय आहे ते बाहेरून कळत नाही, तुमच्या मावशीच्या घरी वॉशिंग मशीनमध्ये धुतली गेली तेव्हा तीन लग्नं आणि एक मुंज वाहून गेली. फीत निदान पाखरं हाकलते. सीडी द्राक्षबागेत टांगता येते. पेन ड्राइव्हला कावळादेखील भीत नाही.

उरली अक्का. मी पिंपळवंडीला गेले. त्या अंगणात शेंगा निवडत होत्या. ऐंशीच्या पुढे आहेत, पण नजर शाबूत.

"अक्का, मी तुम्हाला कॅसेटी दिल्या होत्या. आठवतं?"

"दिल्या व्हत्या. लई चांगल्या. अजून पुरत्यात."

"त्यात आप्पांची होती."

त्यांचा हात थांबला. "आप्पांची? मोटंवरची?"

"हो."

"आन् तू ती मला बाजरीला दिली?"

"त्यावर नाव लिहिलं होतं," मी म्हटलं.

"काय लिव्हलं व्हतं?"

मी सांगितलं.  "इंग्रजीत व्हय. बरं केलं. पाखरांना वाचाया येतं, मला न्हाई." मग पुन्हा शेंगा निवडायला लागल्या. "मला मराठीबी येत न्हाई म्हणा. पण तुझ्या भावजींनी वाचलं असतं. न्हाईतर आप्पांचं नुसतं चित्तर काढायचं, एक बैल काढायचा. मी कळून घेतलं असतं."

 

पण अक्कांची एक पद्धत आहे. त्या वस्तू टाकत नाहीत. कॅसेटची सगळी फीत त्या बाहेर काढत नाहीत. डबीच खुंटाला बांधतात, लागेल तेवढी फीत ओढून दुसऱ्या खुंटाला नेतात, आणि हंगाम झाला की फीत तोडून डबी पुन्हा गोणीत. पुढच्या वर्षी उरलेली. गोठ्याच्या माळ्यावर गोणी होती. आम्ही दोघींनी ती अंगणात ओतली. उंदरांनी कागद खाल्ले होते, बरेचसे उन्हाने पांढरे पडलेले. नंबर सतरा मला माझ्याच अक्षरावरून सापडला. एक आणि साताचा वरचा भाग. आत फिरकीभोवती अंगठ्याच्या नखाएवढी जाड फीत उरली होती. तिचं तोंड दोनदा गाठ मारून सोडलेलं.

ती घेऊन, आणखी तुकडे लागले तर म्हणून गोणीही गाडीत टाकून, मी जुन्नरला एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. पूर्वी रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा, आता मिक्सर आणि गिझर करतो. माझाच विद्यार्थी निघाला. तोही साठीला आला आहे.

"बाई, तुम्ही मला इंग्रजीत नापास केलं व्हतं."

"तू झाला होतास."

"तसंच म्हणा." त्याने डबी उजेडात धरली. "ही कुणी वाजवली शेवटची?"

मी सीडीच्या दुकानदाराचं सांगितलं.

"त्यानं मागं फिरवली न्हाई बघा. आळशी माणूस. वाजवून शेवटाला आली तशीच दिली त्यानं."

मला राग आला. माझा नियम त्याने मोडला होता आणि मला कळलंही नव्हतं. दुरुस्तीवाला हसायला लागला. "बाई, रागवू नका. त्यानं मागं फिरवली असती तर गाण्याची सुरुवात वर आली असती आणि पयली तीच बाजरीवर गेली असती. आता सुरुवात आत ऱ्हायली, शेवट गेला."

म्हणजे माझ्या शिस्तीने सगळं घालवलं, आणि जे उरलं ते एका आळशी माणसाने राखलं. हे मी तुम्हाला लिहिते आहे कारण तुम्ही म्हणालात, तुझं सगळं जागच्या जागी असतं.

त्याने गाठी कापल्या, फीत दुसऱ्या डबीत बसवली, आणि माळ्यावरून एक टेपरेकॉर्डर काढला. धूळ झटकली. म्हणाला, "एकदाच निघंल कदाचित. तुमचा मोबाइल चालू ठेवा." अक्काही माझ्याबरोबर आल्या होत्या. त्या स्टुलावर बसल्या, पदर डोक्यावरून घेतला. सासऱ्यांसमोर त्या तसाच घ्यायच्या.

आधी खरखर. मग एक बाई बोलायला लागली. बारीक, टोकदार आवाज, प्रत्येक अक्षर जणू फळ्यावर लिहिते आहे. दिनांक. स्थळ पिंपळवंडी, तालुका जुन्नर. गायकाचं संपूर्ण नाव. वय. ध्वनिमुद्रकाचं संपूर्ण नाव आणि त्याची पदवी. ती थांबेचना. फीत संपत होती आणि ती बाई त्या वर्षाच्या पर्जन्यमानावर आली होती. आयुष्यात मला कोणाचा एवढा तिटकारा आला नव्हता. दुरुस्तीवाला माझ्याकडे बघत नव्हता, हे त्याचं सौजन्य.

मग दुरून बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली आणि सासरे बोलले. स्पष्ट, खालच्या आवाजात, कंटाळून.

"झालं का हिचं? ए मास्तरीणबाई, उतर आता धावंवरनं. तू गप बसल्याबिगर बैल हलायचे न्हाईत."

आजोबा मोठ्याने हसले. एक लहान मूलही हसलं. सासरे त्या मुलाला म्हणाले, "घट धर रं." चाक कुरकुरलं. मग त्यांनी पहिला सूर लावला, तो नुसता 'होऽ' होता, अजून शब्द नव्हता, आणि तिथे फीत तुटलेली होती.

अक्का म्हणाल्या, "आप्पाच." पदराने नाक पुसलं. "लई खरं बोलायचे."

एवढंच आहे. पाऊण मिनिट असेल. त्यातलं अर्धं माझं. मी दुरुस्तीवाल्याला म्हटलं, माझा भाग कापून टाक. तो हो म्हणाला, पण अक्का म्हणाल्या, "कापू नगं. हिचं असल्याबिगर ते असं कशाला बोलत्याल?" त्यामुळे तसंच पाठवते आहे. बाबाला त्याच्या आजोबांचं गाणं मिळणार नाही. त्याला 'घट धर रं' मिळेल, जे त्यालाच म्हटलेलं आहे, आणि त्याचं स्वतःचं हसू. गाण्यासाठी मी त्याची माफी स्वतः मागेन, ते काम तुमच्यावर टाकणार नाही.

तुमच्या त्या कारागिराला सांगा, एवढंच कोर. उरलेल्या जागेत दुसरं काही भरू नका, गाणंही नाही, तुमचं ते उबदार संगीतही नाही. आणि तबकडीला कागद चिकटवू नका. पाकिटावर आप्पांचं नाव मराठीत लिहा, खाली एक बैल काढा. नातवाचं चित्र बरं आहे.

परत पिंपळवंडीला आल्यावर अक्कांनी गोणी गाडीतून उतरवून घेतली. सतरा नंबरची डबी मी माझ्या पिशवीत ठेवली होती. त्यांनी बाकीच्या डब्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, "ह्यांच्यात आजून कुणी न्हाई ना आपलं?"

जेवढं वाचता येत होतं तेवढं मी एकेक वाचून दाखवलं. गाणी होती, दोन कीर्तनं होती, एक माझी, इंग्रजी उच्चारांच्या पाठांची.

"ती आदी ताणते," अक्का म्हणाल्या. "बाजरी फुलोऱ्यात आलीया."